दहा चौकटी

साखरतरची रुकय्या होडेकर
दुकानात येते तेव्हा आधी खाडीचा वास येतो,
मग ती.
चपला दाराबाहेर काढते,
जणू झेरॉक्सचं मशीन म्हणजे दर्गा.
मी म्हणतो, घालून या. ती ऐकत नाही.

पहिल्यांदा आली तेव्हा वय एकोणतीस.
कुवेतला घरकामाला जायचं होतं.
मी स्क्रीनवरचं वाचून दाखवलं :
दहावी न झालेल्या बाईला तिशीच्या आत परवानगी नाही.
तुमच्याच भल्यासाठी, असं तिथे लिहिलं नव्हतं,
ते मी माझ्या पदरचं घातलं.
"अठराव्या वर्षी पोर पदरात टाकून नवरा गेला,
तवा कुनी वय इचारलान नाय," ती म्हणाली.

त्याच दुपारी गोडबोल्यांचा ऋत्विज बसला होता,
कॅनडाचे कागद घेऊन.
शिक्षणाला इतके गुण, इंग्रजीला इतके,
वय एकोणतीस –
वयाला पैकीच्या पैकी.
पोरगा चांगला आहे. उठून त्यानं तिला खुर्ची दिली.
ती बसली नाही.

दोघांचे पासपोर्ट माझ्या टेबलावर शेजारी शेजारी.
रंग एक, सिंह तेच.
हिच्या शेवटच्या पानावर मात्र तीन अक्षरं जास्त : ईसीआर.
"काय लिवलांय?"
मी म्हटलं, विचारून जा, असं लिहिलंय.
"आनि त्याच्या?"
त्याच्या पानावर काही लिहिलेलं नाही.

तिचा पणजा गलबतावर तांडेल होता.
जाताना कौलं, येताना बसऱ्याचा खजूर.
त्याला फक्त वारा विचारायचा, कुठे चाललास,
आणि वाऱ्याला
कुणाची दहावी माहीत नव्हती.
(हे मी म्हणतोय. ती असं बोलत नाही.
ती म्हणते, पणजा खजूर आणायचा, चांगला असायचा.)

वर्ष गेलं. तीस पुरी झाली.
आता पोलिसांचा दाखला, त्याला बोटांचे ठसे.
लहानपणापासून ओहोटीला खडपावर जाऊन कालवं फोडते,
शिंपीच्या धारेनं, खाऱ्या पाण्यानं
बोटांवरच्या रेघा कधीच पुसल्यात.
हवालदारानं शाई लावली, दाबलं, पुन्हा दाबलं,
म्हणाला, बाई, तुम्ही आहात की नाही?
स्वतःच्या विनोदावर तो हसला.
मग म्हणाला, महिनाभर कालवांना हात लावू नका,
रेघा परत येतात.

महिनाभर!
तिनं बावीस दिवस काढले.
खोबरेल चोळलं, रात्री हातावर पोरीच्या शाळेचे मोजे चढवले.
समोर ओहोटी येत होती, जात होती,
शेजारणी पाट्या भरून नेत होत्या,
आणि ही दारात बसून
स्वतःची बोटं उगवायची वाट बघत होती.
तेविसाव्या दिवशी घरातले तांदूळ संपले.

मी सावंतवाडीच्या पलीकडे गेलेलो नाही.
कुवेत माझ्यासाठी एक ड्रॉपडाऊन आहे,
इंग्रजी के दाबलं की येतो, केनियाच्या थोडा खाली.
पण इतकं बघून कळतं :
सगळ्या सीमा समुद्रात नसतात.
काही आमच्या माळनाक्यावर असतात,
दुसऱ्या मजल्यावर, साडेदहा ते पाच,
जेवणाची सुट्टी वगळून.

काल ती आली, हातात तो कागद.
दहा चौकटी.
डाव्या करंगळीत आणि उजव्या अनामिकेत
काहीतरी उमटलंय, पावसात पुसलेल्या रांगोळीसारखं.
बाकी आठांत नुसती काळी गुळगुळीत टिकली.
खाली शेरा : ठसे अस्पष्ट.
"एजंट म्हनतो, पुन्ना भरा. पैसं पुन्ना."
मी काहीच म्हटलं नाही. पंखा मोठा केला.

"एक झेरॉक्स दे."
कशाला, विचारलं.
"र्‍हांवदे. माझीच बोटां हायत."

मशीनचा उजेड कागदाखालून सरकत गेला.
प्रत स्वच्छ आली, आठही टिकल्यांसकट.
तिनं ती चार घड्या करून पिशवीत ठेवली,
कालवांच्या डब्याला लागणार नाही अशी.
दोन रुपये पुढे केले, ओले.

आणि मी घेतले.
फलकावर तसा दर लिहिलाय,
सर्वांना सारखा.